शेजारची खाट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सिस्टरने घड्याळजींच्या हातात वेदनाशामकाचं बटण दिलं. "दुखलं की दाबा, काका. पण फक्त तुम्हीच."

घड्याळजींनी दाबलं. ठणका तसूभरही कमी झाला नाही. शेजारच्या खाटेवरून मघापासून येणारं कण्हणं तेवढं थांबलं, बरोबर आठ मिनिटं. खाट तर रिकामी होती. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"औषधाने भास होतात," बायको विणता विणता म्हणाली. "दाबा आणि गप पडा."

घड्याळजी हट्टाला पेटले. "औषध माझं, आणि आराम भलत्यालाच?" बटण उशीखाली सारून ते दातांवर दात रोवून पडून राहिले. कण्हणं वाढतच गेलं.

बायकोच्या सुया थांबल्या. ती रिकाम्या खाटेकडे बघत होती.

"अहो, दाबा ना," ती कुजबुजली. "तो उठतोय."