हरकत नसल्यास

सिनेटर विल्बर थॅकस्टन सकाळी सभागृहात शिरले, तर त्यांच्या मेजावर काळं मखमली कापड अंथरलेलं होतं आणि वर काचेच्या भांड्यात पांढरे गुलाब.

सदस्य गेला की इथे असंच करतात. त्यामुळे त्यांनी आधी शेजारचे ऑगस्ट लिंडक्विस्ट दिसतात का ते पाहिलं. लिंडक्विस्ट जागेवरच होते, पेपरमिंटची गोळी चघळत.

"ऑगस्ट, हे माझं मेज आहे."

"तुझंच. दवाखान्यातून काल निरोप आला, तू गेलास म्हणून. मी भाषण लिहिलंय तुझ्यावर. चांगलं झालंय."

"अरे, पण मी आलोय ना."

"ते दिसतंय रे." शेजाऱ्याची जुनी गाडी पाहावी तसं लिंडक्विस्टनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रंग मात्र उतरलाय."

थॅकस्टन मागच्या भिंतीशी गेले. तिथे काळ्या पोशाखात मार्गरेट उभी होती. त्यांचं कार्यालय इतकी वर्षं तीच चालवत आली होती. त्यांची भाषणं ती लिही, आणि मतदानाच्या वेळी अंगठा वर करायचा की खाली, हेही तीच लांबून डोळ्यांनी सांगे.

"मार्गरेट, काहीतरी घोटाळा झालाय."

"हो सर. तुमच्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गेले. मला पहाटेच कळलं."

"मग सांग ना यांना."

"सर, तोवर राज्यपालांनी तुमच्या जागी माणूस नेमला. त्यानं इथे घर भाड्यानं घेतलं. त्याची बायको पडदे बघायला गेलीय." ती जरा थांबली. "गावोगाव झेंडे अर्ध्यावर आलेत. ते परत वर चढवायचे म्हणजे लोकांना काय सांगणार?"

थॅकस्टनना हे पटलं. दुसऱ्याची अडचण त्यांना नेहमीच पटत आली होती. सहा निवडणुका त्यांनी त्यावरच काढल्या होत्या.

"मग मी काय करू?"

"शोकप्रस्ताव मांडतील, मग अध्यक्ष विचारतील, कुणाची हरकत? तेव्हा म्हणायचं, हरकत आहे. मी इथून बोलले तर चालत नाही, सर. सदस्यानंच म्हणावं लागतं."

सभागृहाची रीत जुनी होती. रोजच्या बाबींना मतदान नसे. अध्यक्ष हरकत विचारत, सगळे गप्प राहत, अध्यक्षांच्या मुठीतली हस्तिदंती हातोडी आपटे आणि गोष्ट खरी होई. शंभरांपैकी एकानं तोंड उघडलं तरी सगळं जागच्या जागी अडे. त्या एका शब्दावर कितीतरी जणांनी मोठं नाव कमावलं होतं. थॅकस्टननी तो कधी उच्चारला नव्हता.

लिंडक्विस्ट बोलायला उभे राहिले. "विल्बर कधी कुणाच्या वाटेला गेला नाही. त्याचं वाकडं असं कुणाशीच नव्हतं. तो खोलीत असला तरी कुणाला त्रास नसे."

कुणीतरी नाक शिंकरलं. थॅकस्टनना बरंही वाटलं आणि बोटं गार पडल्यासारखीही वाटली. भाषणात राहून गेलंय असं आपण काय केलं, ते आठवू लागले. नदीवरचा पूल? तो आधीच्या सिनेटरचा. शाळांचा कायदा? नाव त्यांचं, शब्द मार्गरेटचे. एका धरणाला विरोध करायचं त्यांनी अगदी ठरवलं होतं, पण त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरची वेळ मिळाली. त्यांनी छातीवर हात ठेवला. आत धडधड होती, पण दबकत, परवानगीची वाट पाहत असल्यासारखी.

"प्रस्ताव सभागृहापुढे आहे," अध्यक्ष म्हणाले. "कुणाची हरकत?"

एरवी ते थांबत नसत. आज थांबले. एकेक करून सगळ्या माना मागे वळल्या. कुणाच्याही नजरेत वैर नव्हतं. उंबऱ्यापर्यंत पोचवल्यावरही बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं सगळे बघत होते. मार्गरेटनं डोळ्यांनी खूण केली.

थॅकस्टननी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, पडदे एव्हाना घेऊनही झाले असतील.

हातोडी आपटली. "हरकत नाही. संमत."

सगळे मौनासाठी उभे राहिले. थॅकस्टननीही रीतीप्रमाणे मान खाली घातली. मौन संपलं, लोक बसले, कागद सळसळले. मार्गरेटनं रुमालानं डोळे टिपले आणि ती समोरून निघून गेली, त्यांच्याकडे न बघता. थॅकस्टनचा हात अजून छातीवर होता. हाताला काहीच लागत नव्हतं.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले.

आवाज खणखणीत निघाला. इतका की त्यांचे तेच दचकले. एकही मान वळली नाही. अध्यक्षांनी टपालाच्या दरांचा विषय घेतला.

लघुलेखिका गळ्यात यंत्र अडकवून दोन रांगांमधून येत होती. कुणी पुटपुटलं तरी तिच्या कागदावर उतरायचं. ती नेमकी त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"माझी हरकत आहे," ते पुन्हा म्हणाले, सावकाश, तिला टिपता यावं म्हणून.

तिची दहाही बोटं यंत्रावर तयार होती. ती हलली नाहीत.