सतरावं गांडूळ

"सतरावं बंद पडलं," मोबाइलकडे बघत कमळाकर वैतागला. "आता तक्रार नोंदवा आणि महिनाभर वाट बघत बसा."

तेलाची पाइपलाइन फुटून त्यांचं शेत काळं पडलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा मेलेल्या गांडुळांच्या जागी आता चाळीस यंत्रं माती पोखरून तिला हवा देत होती.

चांगुणाने नवऱ्याच्या हातात खुरपं दिलं. "अहो, आधी बघू तर खरं."

वीतभर उकरल्यावर सतरावं सापडलं. दिवा हिरवा होता, बॅटरी भरलेली होती. त्याच्या तोंडाशी करंगळीएवढं, तांबूस, ओलसर काहीतरी वळवळलं.

दोघंही उकिडवे बसले. मातीला अजून तेलाचा वास होता.

"हे बंद नाही पडलेलं," चांगुणा हलकेच म्हणाली. "थांबलंय. यंत्रं बसवायला आलेली ती मुलगी म्हणाली होती ना, खरं गांडूळ भेटलं की हे आपणहून थांबेल, त्याला वाट देईल."

तिने ओंजळीने माती परत लोटली. कमळाकरने चपला काढून हातात घेतल्या.

"मग तक्रारीत काय लिहू?"

"लिहा, मालक परत आलेत."