नाही म्हटल्यानंतर

“सही कुठे करू?” संमतीचा कागद हातात घेऊन मी विचारलं, तेव्हा डॉक्टर मॅडमनी पेन स्वतःकडे घेतलं. “आधी मला सांगा, तुमच्या बाळाला आम्ही काय देणार आहोत?”

सासूबाई मध्येच म्हणाल्या, “तुम्ही देवासारख्या. तुम्हाला पटेल ते द्या.”

“देव असते तर विचारलं नसतं, आजी. या औषधाचं मलाच अजून पक्कं ठाऊक नाही, म्हणून तर आम्ही अभ्यास करतोय. घ्यायलाच हवं असं नाही.”

मग मी माझ्या शब्दांत सांगू लागले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन लवकर वाढावं म्हणून दुधातून द्यायचं नवं औषध. बहुतेकांना मानवेल, पण काहींच्या आतड्यांना सूज येऊ शकते. मॅडमनी आधी हे सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आता स्वतःच्या तोंडून ‘सूज’ ऐकलं आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

“नको, मॅडम.”

“बरं,” म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वॉर्डात परतताना सासूबाई पुटपुटल्या, “दुखावलंस त्यांना. आता आपल्या पिल्लाकडे कोण बघणार?”

सकाळी वाटीत दूध काढून मी खालमानेनेच बाळाच्या खोलीत गेले. मॅडम त्याच्यापाशीच उभ्या होत्या. “या, कधीचा वाट बघतोय हा. हात धुतलेत ना?” काल ठेवलं होतं तितक्याच हलक्या हाताने त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि बोंडलं दुधाने भरून दिलं.

तो चुटुचुटू पिऊ लागला. मी त्यांना हात जोडायला गेले, तर माझे दोन्ही हात भरलेले होते.