मंजूर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस, आणि दवाखान्याच्या हॉलमध्ये एकही पेशंट नाही. महांतेश लॅपटॉपची बॅग घेऊन दारातच थांबला. नांदेडहून आलेले सर्जन आतल्या खोलीत ताटकळत बसले होते. सिस्टर रिकाम्या कॉटवरच्या चादरी पुन्हा पुन्हा नीट करत होत्या. काउंटरमागं व्यवस्थापक गुरुलिंगअप्पा एकामागून एक फोन लावत होते.

"आलास ते बरं झालं," अप्पा म्हणाले. "एक बी पेशंट न्हाई. औशाचे न्हाईत, चाकूरचे न्हाईत. उमरीची जीप तर पहाटेच येतीय, ती बी न्हाई. कोणी फोन उचलून नाही राहिलं. काय झालंय कळंना."

महांतेशला कळलं होतं. त्याच्या मागोमाग एक गोड चीड वर आली. झालं ते या माणसामुळंच झालं.

गुरुलिंगअप्पांना तो माणसात धरत नसे. एका बोटानं टाइप करणारा, पाइपलाइन म्हटलं की नळाला पाणी आलं का विचारणारा हा माणूस आपल्या कामावर शिक्का मारणार, हेच त्याला सहन होत नव्हतं. दवाखान्याचं अ‍ॅप महांतेशनं उभं केलं होतं. कोड फारसा न लिहिता, तयार ठोकळे जोडून. त्यातला कुठलाही बदल आधी कच्च्या प्रतीत व्हायचा, मग चाचणीच्या प्रतीत जायचा आणि शेवटी पेशंटच्या खऱ्या अ‍ॅपमध्ये. ही सगळी ने-आण, तीच ती पाइपलाइन, पूर्वी हातानं करावी लागे. महांतेशनं ती आपोआप होईल असं केलं. यंत्रच तपासायचं, हिरव्या खुणा द्यायचं आणि बदल पुढं ढकलायचं. वाटेत माणूस म्हणून एकटे अप्पाच उरले होते. दवाखान्याच्या ट्रस्टींचा तसा आग्रह होता. अप्पांच्या मोबाइलवर बदल दिसायचा, खाली 'मंजूर' लिहिलेलं बटण. अप्पा ते अंगावरची माशी हाकलावी तसं दाबायचे.

म्हणून काल दुपारी त्यानं मुद्दामच पेशंटला जाणाऱ्या आठवणीच्या मेसेजमध्ये हात घातला. 'ऑपरेशनसाठी उद्या सकाळी यावे' काढून तिथं 'उद्याचे ऑपरेशन रद्द झाले आहे, येऊ नये' असं टाकलं. यंत्राला नाव, तारीख, नंबर तपासायला शिकवलेलं होतं, अर्थ कळायला नव्हे. सगळ्या खुणा हिरव्या आल्या. अप्पा नेहमीसारखे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बटण दाबतील, मग आपण बदल मागं घ्यायचा आणि अप्पांची मंजुरी ट्रस्टींपुढं ठेवायची, असा त्याचा बेत होता. मेसेज जायचे रोज संध्याकाळी. मधे अख्खा दिवस हाताशी होता.

"अप्पा, काल काही मंजूर केलंत?"

"हाव. औशाला लग्नात होतो. पंगतीत बसलो अन् तुझं आलं. म्हणलं, आठवणीचा मेसेज हाय, पेशंट खोळंबतील. जेवता जेवताच दाबलं."

महांतेशनं लॅपटॉप उघडला आणि काउंटरवर त्यांच्याकडं फिरवला. "काय दाबलं ते आता वाचा."

अप्पांनी खिशातून चष्मा काढला. ते हळूहळू, ओठ हलवत वाचू लागले. महांतेश त्या ओठांकडं तुच्छतेनं बघत उभा राहिला.

"हे तू लिवलास?"

"मी लिहिलं. मंजूर तुम्ही केलं. न वाचता."

"न वाचताच," अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "वर तुझं नाव असतंय. तुझं काय वाचायचं?"

इतका कसा बावळट असतो माणूस, असं महांतेशनं मनात म्हणून पाहिलं, पण ते नेहमीसारखं जमलं नाही.

आतलं दार उघडलं. सर्जन बाहेर आले. "अहो, पेशंट आहेत की मी परत जाऊ?"

अप्पांनी महांतेशकडं पाहिलं नाही. "मेसेज चुकीचा गेलाय, साहेब. माझ्या हातनं मंजूर झाला. मी फोन लावून राहिलो सगळ्यायला."

"तुमच्या हातून?" सर्जननी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाचता येत नाही का तुम्हाला?"

अप्पा खाली बघत राहिले. लॅपटॉपवर ती ओळ अजून तशीच होती, महांतेशच्या नावाखाली. महांतेशनं हात पुढं करून लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात पायरीवर काठीचा आवाज झाला. भिंतीला हात लावत एक म्हातारी आत आली आणि समोर जो आकार दिसला त्याचीच बाही तिनं धरली. ती बाही महांतेशची होती.

"चाकूरची तुळजाबाई. आज बोलिवलं हाय मला. रात्री मोबाइल वाजला, पर घरात मी एकलीच. वाचावं कुणी? म्हणलं, या म्हणूनच असंल."

महांतेशनं तिला खुर्चीपर्यंत नेलं. बसल्यावरही तिनं बाही सोडली नाही. त्या सामसूम हॉलचा तिनं मान फिरवून कानोसा घेतला.

"मागच्या बारीला आले तवा हितं उभं राहायला जागा नव्हती," ती म्हणाली. "सगळ्यायला दिसाया लागलं का?"