मावीच्या देवाचा नवस

"तुझ्या येशूला काय चालतं गं?" पार्वतीनं विचारलं.

मावीला प्रश्न कळला नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर त्या दोघीच बसल्या होत्या. आत पार्वतीचा मुलगा ओंकार डेंग्यूनं बेशुद्ध पडला होता. नवरा दत्तात्रय रक्तपेढीकडं पळाला होता.

"नवसाला गं," पार्वती म्हणाली. "यल्लम्माला ओटी आणि साडी बोलले. सिद्धारूढ अज्जाच्या मठात पंगत बोलले. जोतिबाला म्हटलं, अनवाणी चालत येते. तुझाच तेवढा राहिलाय बघ."

मावी मिझोरामची. तिच्या चर्चनं तिला देवाचं वचन सांगायला हुबळीला धाडलं होतं आणि तिथल्या उणकल भागात पार्वतीच्या माडीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. आली तेव्हा लोकांनी विचारलं, चीनची की नेपाळची? अजूनही विचारतात. कन्नड ती शिकून आली होती. मराठी आणि ज्वारीची भाकरी या दोन्ही गोष्टी पार्वतीच्या स्वयंपाकघरात शिकली. वचन मात्र कुणाच्या गळी उतरलं नाही. लोक चहा पाजायचे, कौतुकानं बोलायचे आणि रविवारी आपापल्या कामाला लागायचे. आपण इथं नक्की काय करतो आहोत, हे तिला फोनवर आईला सांगता येईनासं झालं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी आपणहून तिच्या देवाचं नाव काढलं होतं.

"काही लागत नाही, अक्का," मावी म्हणाली. "तो तसाच देतो. आपण फक्त मागायचं."

"असं कसं? काहीतरी घेत असेलच की. भात सोडू? पोरगा उठून बसू दे, जन्मात भाताकडं बघणार नाही मी."

मावीला आपली आई आठवली. गावी प्रत्येक घरात बाई चुलीवर भात चढवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. तो तांदूळ चर्च गोळा करतं, विकतं आणि त्यातून मावीसारख्या मुली परमुलखात जातात. तिच्या खोलीचं भाडंही त्या मुठींतूनच यायचं. हा नवस नव्हे, ही कृतज्ञता, असं तिला बायबल शाळेत समजावलं होतं. तिथं तो फरक अगदी स्वच्छ वाटला होता. इथं बाकावर बसून तो तिला नीट सापडेना.

'हो' म्हणायला काय जात होतं? बाईच्या जिवाला तेवढाच आधार. पण देवाशी सौदा होत नाही, हेच तर सांगायला ती एवढ्या लांब आली होती. तिच्याजवळची एकुलती एक चांगली बातमी तीच होती. आणि घाबरलेल्या आईला खोटं सांगून तिला देव जोडायचा नव्हता.

"नको, अक्का. त्यानं आधीच सगळं दिलंय. विश्वास ठेवा फक्त."

पार्वतीचा चेहरा उतरला. वाढलेलं ताट कुणी तसंच परत करावं, तसं तिला वाटलं असावं.

"बरं बाई," ती म्हणाली.

मावीनं तिचा हात धरला आणि डोळे मिटले. आधी ती मराठीत मागत होती. मग शब्द पुरेनात, तेव्हा आपल्या भाषेत मागू लागली. इतक्या जिवाच्या आकांतानं तिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्क खाली ओढला आणि कन्नडमध्ये सांगितलं, "यजमानांना फोन करा. रक्त आता नको म्हणावं."

पार्वती उभी राहिली. मग तिनं जो टाहो फोडला, तो जिन्याखालपर्यंत ऐकू गेला असेल.

"भवाने यल्लम्मा! माझ्या हातची ओटी घेणार होतीस ना? आता कुठल्या हातानं भरू तुझी ओटी?" तिनं कपाळ बडवलं. "आणि तू रे जोतिबा? पायांत चप्पल घालणार नव्हते मी! कुठं तोंड करून बसला होतास? अज्जा, तुझ्या पंगतीला मी वाकून वाढणार होते रे, सगळ्यांना वाढणार होते!"

नर्स धावत आली. "अम्मा, हळू," म्हणाली. पार्वतीनं तिचा हात झटकला. सगळे देव घरातल्या माणसांसारखे समोर उभे होते आणि ती एकेकाला नावानिशी धरून विचारत होती.

मावी भिंतीला टेकून उभी होती. प्रार्थना कुठं तुटली, हे तिला कळलंही नव्हतं. आता येशूचं नाव येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते यावं असं तिला फार वाटत होतं. पार्वतीनं त्यालाही मेल्या म्हणावं, थुंकावं, काहीही करावं. यल्लम्माचं नाव पुन्हा आलं. जोतिबाचं आलं. गल्लीतल्या मारुतीचंसुद्धा आलं.

शेवटी तिला राहवेना. तिनं पुढं होऊन पार्वतीचे खांदे धरले.

"अक्का, माझ्या देवालाही शिव्या द्या."

पार्वतीनं तिच्याकडं बघितलं. पदरानं नाक पुसलं. आवाजात राग नव्हता.

"त्याला कशाला गं?" ती म्हणाली. "त्याचं माझं कुठं काय ठरलं होतं?"

आणि ती पुन्हा यल्लम्माकडं वळली.