ज्याचा हात आत

सम्राटनं फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. मग दाजींकडं बघितलं.

दाजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात गवा उताणा पडलेला. गवा म्हणजे दोघांनी मिळून घडवलेला लढाऊ रोबोट. साठ किलो वजन, चार चाकं, तोंडाशी वरवंट्यासारखा पोलादी ड्रम आणि ड्रमला दोन दात. सम्राटचा लेथचा धंदा, दाजी कबनूरला माग दुरुस्त करायचे. बाकीचा सगळा जीव ह्या नादात. ड्रम फिरायला लागला की उद्यमनगरातल्या सम्राटच्या शेडचे पत्रे थरथरायचे.

"दाजी, कबनूरकरांनी फोटो टाकलाय त्यांच्या रोबोटचा."

"टाकू देत की."

"फुडं सपाट पत्रा लावलाय. सुपलीगत."

"बरं."

"बरं काय? बगा तरी. आपल्या ड्रमच्या खालनं अल्लाद सरकंल एवढा बुटका केलाय. आपलं दात वरच्यावर फिरणार, आनि गवा जाणार उचलून."

दाजींनी फोन हातात घेतला नाही. मान वाकडी करून नुसती नजर टाकली आणि पुन्हा चाकात गुंतलेली तार उपसू लागले.

परवा पुण्यातल्या स्पर्धेत पहिली लढत कबनूरकरांशीच होणार होती. ड्रमचे दात जमिनीपासून किती वर फिरतात, हे ठाऊक असलेली माणसं दोनच. एक सम्राट. दुसरे दाजी. आणि दाजी कबनूरचे. तिथला रोबोट उभा राहिला तो दाजींच्या घरामागच्या बोळात, मागांच्या खडखडाटात. त्याच घरात सम्राटची आक्का, निशिगंधा, दिलेली. बहीण दिली की भावाची अर्धी नजर त्या गावच्या वाटेवर राहते. आज ती नजर निराळी होती.

"गुरुवारी कुटं गेलतासा?"

"घरात हुतो की."

"आक्का म्हणाली, न्हवता."

"मग बोळात असंन."

"बोळात कुणाकडं?"

दाजी हसले. "मेव्हणं, पोलिसात भरती झालासा काय?"

सम्राट हसला नाही. ड्रमचा बेल्ट ढिला झाला होता, तो ताणायचा होता. त्यासाठी ड्रमच्या दातांमधून कोपरापर्यंत हात घालावा लागे. बॅटरी काढायची तर सगळे पत्रे सोडवायला लागत, म्हणून ती जोडलेलीच राहायची. स्पर्धेत नियम असतो, ज्याचा हात आत, त्याच्याजवळ रिमोट. ह्या शेडमध्ये तो कधी पाळला नव्हता. रिमोट दाजींच्या गळ्यात, हात सम्राटचा आत, आणि दोघांच्या गप्पा चालूच. जात्यावर दोघी बसल्या की खुंट्यावर कुणाचा हात वर नि कुणाचा खाली, हे कोण बघतं?

सम्राटनं बाही वर केली. हात घातला नाही.

"दाजी, रिमोट द्या."

दाजींनी गळ्यातला पट्टा काढला. तो कानाला अडकला, सावकाश सोडवला. रिमोट पुढं केला.

"घे," म्हणाले. मेव्हणं म्हणाले नाहीत.

सम्राटनं रिमोट खिशात कोंबला, बेल्ट ताणला. हाताचं ग्रीस पुसायच्या आधीच पुन्हा फोन उघडला. कबनूरकरांचं पान खाली खाली सरकवत गेला. कुठंतरी दाजी सापडतील. एखाद्या फोटोच्या कडेला, पाठमोरे का असेनात.

सापडला तो त्याचा स्वतःचाच चेहरा.

खंडेनवमीचा व्हिडिओ. शेडमधली सगळी हत्यारं पुजलेली. लेथ झेंडूत बुडालेला, गव्याच्या कपाळाला कुंकू. पूजेला गल्ली लोटलेली; त्या दिवशी येईल तो पावणा, येईल त्याला प्रसाद. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं. पण व्हिडिओतला सम्राट फेटा बांधून पूजेतली सुपारी जमिनीवर ठेवत होता, गवा तिच्या अंगावर नेत होता, ड्रम फिरवत होता. मग गवा मागं. सुपारी जागच्या जागी.

"जरा तरी हालली का? हाय का कुणाची छाती!" तो गर्दीला विचारत होता.

खाली कबनूरकरांनी लिहिलं होतं, "पावण्यांनी सुपारीएवढी जागा सोडलीया. आपल्याला तेवढी बास."

सम्राटनं फोन पालथा ठेवला.

"दाजी, फट कमी कराय लागंल."

"व्हय. बारकी चाकं आणल्यात मी. पिशवीत हायती."

"म्हंजे तुमी त्यो व्हिडिओ बगितलाता?"

"गुरुवारी बोळातल्या पोरांनी दावला."

"मग बोलला का न्हाईसा?"

दाजी पाना शोधत राहिले. सापडल्यावर म्हणाले, "तुज्या आक्कानं चारचारदा लावून बगितला. फेटा लई शोभतोय म्हणाली."

चाकाचा नट ड्रमच्या मागं होता. दाजींनी बाही दुमडली आणि दातांमधून हात आत घातला, पार कोपरापर्यंत.

"थांबा दाजी. रिमोट घ्या."

"ऱ्हाऊ दे तुज्याजवळ."

सम्राटनं खिशातून रिमोट काढला, लांब बाकावर नेऊन ठेवला. परत आला आणि दाजींना दिसतील असे दोन्ही हात पुढं धरून उभा राहिला.

दाजींनी वर बघितलंच नाही. नट घट्ट बसला होता, ते आत बोटांनी चाचपत राहिले.