केसाएवढी तार

आखुनने हातोडा उचलला आणि फान बाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्याच टेबलावर ठेचली.

बाई किंचाळल्या. पण त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि बाहेर तैपेच्या बाजारात भर दुपारची गर्दी. शेवयांचा गाडीवाला त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होता.

"तीनदा नीट सांगितलं तुला," आखुन म्हणाला. "गेम खेळायचे वीस कन्सोल आहेत. प्रत्येकात चिप बसव, म्हणजे चोरीचे गेम चालतील. पाचला दादा माल न्यायला येतोय. उद्या देवळाच्या जत्रेत विकायचाय."

"आणि मी तीनदा नाही म्हटलं." बाईंनी हात पोटाशी घट्ट धरला होता. "पोरं घरी नेतात, इंटरनेटला जोडतात. कंपनीला लगेच कळतं, यंत्र कायमचं बंद. मग रडत माझ्याच दारात उभी राहतात."

"पोरांचं पुराण नको. लाग कामाला."

"कशाने?"

आखुनने खाली पाहिलं. बोटं वांग्यासारखी निळी पडली होती. आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीचं कुलूपच तसं होतं. चिपची केसाएवढी तार कणाएवढ्या जागेवर चिकटवायची; जरा सरकली की यंत्र जळालं. सगळ्या बाजारात ते जमणारा हात एकच होता.

"डाव्याने कर."

"डाव्याने मला भातसुद्धा खाता येत नाही."

त्याने घड्याळ पाहिलं. साडेतीन. गेल्या महिन्यात एकाने माल उशिरा पोचवला, तर दादाने त्याचा कान कापला होता. तो कान आखुननेच कचऱ्यात टाकला होता.

"मी करतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सांगा कसं ते."

बाईंनी स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बस. हे सोल्डरिंगचं हत्यार पेन्सिलीसारखं धर. मूठ नको आवळूस. श्वास सोड, आणि मग टेकव."

पहिलं जळालं. दुसरंही. तिसऱ्याचा धूर डोळ्यात गेला, तसा त्याने ते भिंतीवर आपटलं आणि बाईंची मान पकडली. "खोटं शिकवताय मला!"

"एक अक्षर खोटं नाही." बाईंचा श्वास अडकत होता, पण आवाज वर्गात बोलावं तसा. "हात थरथरतोय तुझा. पुन्हा धर."

त्याने मान सोडली. पुन्हा धरलं. तापलेलं टोक अंगठ्यात घुसलं, कातडी चरचरली, तरी तो उठला नाही. आठ जळाली. नऊ.

"बाई, तुम्हाला किती दिवस लागले?"

"सव्वीस वर्षं."

पाच वाजले आणि बाहेर दादाची गाडी थांबली. शटरवर दोन थापा पडल्या.

आखुन झटकन उठला. तो बाईंच्या कानाशी वाकला. "बाई, मागे दार आहे?"

"असतं," बाई म्हणाल्या, "तर मी इथे असते?"